संगणक-अभियांत्रिकीची पीएच्.डी. व तिचा खर्च

पीएच्.डी. ही सधनांच्या मुलांनींच मिळवावयाची पदवी होय, असा समज आमच्या पालकवर्गांत दृढ आहे. हुशार मुलगा बी.टेक्. होतांच नोकरीस लागतो, आणि पुढील अभ्यासाचा विचार घरच्या जमाखर्चाच्या वहीपाशीं थांबतो. हा समज संगणक-अभियांत्रिकीपुरता तरी तपासून पाहणें अवश्य आहे.

ही पदवी म्हणजे आणखी एक परीक्षा नव्हे. मराठवाड्याची बोली यंत्रास कशी कळावी, यासारखा न सुटलेला प्रश्न हातीं घेऊन त्यावर प्रबंध लिहावा लागतो. तो बाहेरील निदान दोन परीक्षक तपासतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें पदव्युत्तर परीक्षेंत ५५ टक्के गुण हवेत. चार वर्षांच्या पदवींत ७५ टक्के मिळविणाऱ्यासही अर्ज करतां येतो. राखीव प्रवर्गांस ५ टक्क्यांची सवलत आहे. मुदत किमान तीन, सामान्यतः कमाल सहा वर्षें. स्त्रियांस आणखी दोन वर्षें व २४० दिवसांपर्यंत प्रसूति अथवा बालसंगोपन रजा मिळूं शकते; मुलीचें शिक्षण लग्नापाशीं थांबविणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

आतां पैशाविषयीं. नेट परीक्षेंत कनिष्ठ संशोधनवृत्ति मिळविणाऱ्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दरानें पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व पुढें ४२,००० रुपये मिळतात. हें कर्ज नव्हे. तें फेडावें लागत नाहीं. पवईच्या आय्.आय्.टी.सारख्या संस्थांत गेटच्या बळावर प्रवेश घेऊन अध्यापनास साहाय्य करणाऱ्यांसही वृत्ति असते. बार्टी, सारथी व महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या प्रवर्गांतील संशोधकांस साहाय्य करितात. तथापि नुसती नेट उत्तीर्ण होऊन वृत्ति पदरीं पडत नाहीं. आणि तिची मुदत पांच वर्षें, म्हणून प्रबंध लांबल्यास शेवटचें वर्ष कोरडें जातें.

वृत्तीवांचून मोठी विद्या क्वचितच साधते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत गेले, ते सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. आपल्या जवळच्या विद्यापीठास १९९४ पासून त्यांचेंच नांव आहे.

एक गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. मार्गदर्शकांकडील जागा मोजक्या असतात: प्राध्यापकाकडे एका वेळीं आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायकाकडे चार. म्हणून अर्ज भरण्यापूर्वीं त्यांस पत्र लिहावें, आपला विषय थोडक्यांत कळवावा, आणि जागा रिकामी आहे काय, हें विचारून घ्यावें.