परीक्षेआधीचा आठवडा

दिवाळीचा उरलेला फराळ डब्यात भरून मुलं वसतिगृहांत परततात आणि लगेच विद्यापीठाच्या परीक्षा तोंडावर येतात. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या पट्ट्यात विद्यार्थ्यांमध्ये सेवा करणाऱ्या आमच्यासारख्यांचा हा सगळ्यात दाटीचा आठवडा. यंदाचा तो परवाच सरला. वहीत पाहिलं तर नोंदी आहेत त्या बैठकांच्या आणि गाड्यांच्या वेळांच्या. खरं काम त्यांच्या अधल्यामधल्या वेळात झालं.

रविवारी साताऱ्यातली उपासना उरकली. चार-पाच मुलं मागे थांबली, पेटी काढली आणि ‘उपासना संगीत’मधली भजनं म्हणत बसली. त्यांतली बरीचशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. ती मुलं लहानपणापासून ही पदं गात आली आहेत, पण त्यांचा कवी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात याच गावात राहायला आला होता, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मग अभ्यासाचा एक तास बाजूला ठेवून मी त्यांना ते सांगितलं.

टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढची वीसेक वर्षं त्यांनी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काढली. तिथे शिकवणं, ‘ज्ञानोदया’चं काम, कीर्तनं, कविता असं सगळं चालू होतं. पन्नाशी उलटल्यावर, 1917 मध्ये, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यात येऊन ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. या दरबाराचं दार बाप्तिस्मा घेतलेल्यांना होतं, तसंच न घेतलेल्यांनाही. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या माणसाने आपली भाषा, आपला पोशाख, आपलं भजन टाकून द्यावं, हे त्यांना कधीच पटलं नव्हतं. दरबार मूळ धरण्याआधीच 9 मे 1919 रोजी मुंबईत ते गेले. दोन वर्षांचं अपुरं काम, म्हणून लोक त्याचा उल्लेख ओझरता करतात. मला मात्र विद्यार्थ्यांमधल्या सेवेसाठी ती दोन वर्षं फार उपयोगाची वाटतात.

आणि त्याहून उपयोगाचं म्हणजे नगरचं त्यांचं घर. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, त्या घरात मुलासारखे राहिले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांचं सगळं आईच्या मायेने केलं. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत, पण म्हणून त्यांच्या ताटात कधी काही कमी पडलं नाही. आमच्याकडे येणाऱ्या मुलांत निम्म्याहून जास्त ख्रिस्ती नसतात. कुणी गणपतीत ढोल वाजवणारं, कुणी घरची आषाढी वारी न चुकवणारं. मागितल्याशिवाय प्रार्थना नाही, हा माझा नियम ठोंबऱ्यांच्या त्या ताटावरून आलेला आहे.

सोमवार-मंगळवार झेरॉक्स, हॉलतिकिटं आणि मेसच्या थकलेल्या पैशांत गेले.

बुधवारी कऱ्हाडला गेलो. दोन्ही बाजूंना उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे एसटी रेंगाळतच पोचली. अभ्यासगटाला सगळे आले, एक मुलगा आला नाही. त्याच्या खोलीवर गेलो. तो विट्याकडचा. खानापूर-आटपाडी भागातली असंख्य घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायची दुकानं घेऊन ही माणसं देशभर पांगलेली. याचे आई-वडील तिकडे केरळात, हा लहानपणापासून आजीपाशी. दिवाळीत आजी गेली. दिवस झाले, आई-वडील परत गेले, घराला कुलूप लागलं. “दादा, सुट्टी लागली की समदी गावी जातील. मी कुठं जायचं?” एवढंच तो म्हणाला. पुस्तक उघडंच होतं, पण पान किती दिवस उलटलं नव्हतं कोण जाणे. मी काही समजावलं नाही. संध्याकाळी आम्ही प्रीतिसंगमावर चालत गेलो. कोयना कृष्णेला समोरून येऊन मिळते ती जागा त्याने आजीबरोबर पाहिली होती. तो तासभर आजीबद्दल बोलत राहिला. रात्री त्याच्या गटातल्या दोघांनी आपली गादी उचलून त्याच्या खोलीत टाकली. त्यांना तसं सांगायची वेळ माझ्यावर आली नाही, याचा मला फार आनंद आहे.

गुरुवारी मिरज. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले आणि 1894 मध्ये त्यांनी इथे रुग्णालय सुरू केलं. त्या एका माणसाच्या हाताखाली शिकलेल्यांमुळे मिरजेची दवाखान्यांचं गाव म्हणून ख्याती झाली. आजही या गावात नर्सिंग शिकणाऱ्या मुली लांबलांबून येतात. रात्रपाळी करून आलेल्या मुलींपुढे शास्त्रवाचन लांबवणं हे पाप आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा मिनिटांत आटोपलं आणि माझ्या बायकोने आणलेल्या भाकरी-पिठल्यावर सगळ्या बसल्या. एकीने पहिल्यांदाच रुग्णाचा मृत्यू जवळून पाहिला होता. ती जेवता जेवता रडली आणि रडता रडता जेवली. बायको तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. त्या दिवशी सेवा घडली ती तिच्या हातून.

शुक्रवारी साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या मुलांची भेट ठरली होती. ती कामावरून सुटून आली, हाताला बागेची माती तशीच. या गावात मुलांना घर देण्याची गोष्ट निघाली की कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव येणारच. 1924 मध्ये त्यांनी इथे वसतिगृह सुरू केलं, 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं, आणि 1947 मध्ये शिवाजी कॉलेज निघालं. निरनिराळ्या जातींची पोरं एका चुलीवरचं खात होती, तेव्हा त्या चुलीसाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांचे दागिने विकले गेले होते. टिळकांच्या घरी एक लक्ष्मीबाई, इथे दुसऱ्या. दोघींपैकी कुणीही ‘विद्यार्थिसेवा’ हा शब्द वापरला नसेल. पण सभा-प्रवचनांचे अहवाल लिहिताना आम्ही स्वयंपाकघराला एक ओळही देत नाही, हे मला बोचतं. यंदाच्या अहवालात मी जेवणांचा हिशेब पहिल्या पानावर घालणार आहे.

शनिवारी कऱ्हाडहून फोन आला. विट्याच्या मुलाने पहिल्या पेपराची तयारी पुन्हा धरली आहे. सुट्टीत तो आमच्याकडे येईल. मिरजेच्या मुलींनी नाताळासाठी टिळकांची पदं कीर्तनाच्या चालीवर बसवायचं मनावर घेतलं आहे. पेटीवाला मिळाला, तबलजी अजून मिळायचा आहे. सांगलीत कुणी वाजवणारं असेल तर विचारायला पुढच्या गुरुवारी थोडा लवकर निघेन म्हणतो.