न दुखणारी गाठ (त्वचेचे दुर्लक्षित आजार : लेखांक ५)

गेल्या लेखांकात कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा ते आपण पाहिलं. आजचा आजार, मायसेटोमा, हाही अनवाणी राबणाऱ्या गरीब माणसांचाच. पण कुष्ठरोगासाठी १९५५ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, मायसेटोमासाठी आजही नाही.

१८४२ साली मदुराईच्या दवाखान्यातल्या गिल नावाच्या डॉक्टरने सुजलेल्या, छिद्रं पडलेल्या पायांची नोंद केली आणि पुढे मद्रास इलाख्यात 'मदुरा फूट' हे नाव रूढ झालं. या आजाराच्या मुळाशी जाण्याचं काम मात्र आपल्याकडे झालं. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ची चित्रं काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे. पुढे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. हा बुरशीचा आजार आहे असं त्यांनी मांडलं, 'मायसेटोमा' हे नाव दिलं आणि १८७४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. काही रुग्णांत बुरशी नसून बुरशीसारखे वाढणारे जिवाणू असतात, हे नंतर उलगडलं.

सुरुवात होते बहुधा काट्याने. शेतात पायात काटा रुततो, त्याच्याबरोबर मातीतली बुरशी किंवा जिवाणू आत शिरतात. माणूस काटा विसरूनही जातो. महिन्यांनी, कधी वर्षांनी त्या जागी सुपारीएवढी टणक गाठ येते. ती दुखत नाही. हळूहळू पाऊल सुजतं, त्वचेला छिद्रं पडतात, त्यातून पू आणि बारीक कण बाहेर येऊ लागतात. तोवर आजार अनेकदा हाडापर्यंत पोचलेला असतो.

ज्या तामिळनाडूत या पायांची नोंद झाली, तिथल्या चेन्नईकडे आता वळू. तामिळनाडूची आरोग्ययंत्रणा देशातल्या चांगल्या यंत्रणांपैकी एक. ऑगस्ट २०२१ पासून 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' योजनेत कार्यकर्त्या घरोघरी जाऊन रक्तदाब तपासतात, मधुमेहाच्या गोळ्या पोचवतात. समजा, अशा एका ताईला दारात बसलेल्या बांधकाम मजुराच्या तळव्यावर गाठ दिसली. ती विचारते, "वलिक्कुदा?" दुखतंय का? तो म्हणतो, "इल्लै." नाही. विषय तिथेच संपतो. दुखत नाही म्हणजे घाई नाही, हे ती मानते आणि तोही मानतो. यात ताईला दोष देता येणार नाही. ज्या आजाराला राष्ट्रीय कार्यक्रमच नाही, त्याचा रकाना तिच्या नोंदवहीत कुठून येणार?

डॉक्टरकडे गेल्यावरही वाट सरळ नसते. कुणी गाठ चिरून पू काढतं, कुणी पाच दिवसांच्या गोळ्या देतं, कुणी हाडाचा क्षय समजून क्षयाची औषधं सुरू करतं. अशी वर्षं गेल्यावर रुग्ण सेंट्रल स्टेशनसमोरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयासारख्या ठिकाणी पोचतो, आणि तेव्हा काही वेळा पाय वाचवण्याची संधी निसटलेली असते. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, कारण ओळखण्याची खूण डोळ्यांना दिसणारी आहे.

ती खूण म्हणजे ते कण. छिद्रावर रात्रभर ओलसर गॉझ बांधून ठेवायचं. सकाळी पट्टी सोडली की पुवाच्या डागात बारीक दाणे चिकटलेले दिसू शकतात. काळे असतील तर बुरशी, लाल असतील तर बहुधा जिवाणू. पांढरे-पिवळे मात्र दोन्हींत सापडतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली बघावेच लागतात. ही पट्टी नेहमीसारखी कचऱ्यात गेली, तर निदानही तिच्याबरोबर जातं. ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेला एवढं सांगून ठेवलं तरी पुष्कळ काम होईल.

रंगाला एवढं महत्त्व, कारण उपचार अगदी वेगळे. जिवाणूंचा मायसेटोमा को-ट्रायमोक्साझोल, अ‍ॅमिकासिनसारख्या औषधांनी बहुतेकदा आटोक्यात येतो, फक्त काही महिने चिकाटी हवी. बुरशीचा हट्टी, इट्राकोनाझोल वर्षभर किंवा त्याहून जास्त, जोडीला शस्त्रक्रिया, तरी तो उलटू शकतो. मद्रासच्याच ए. कमलम, ए. एस. तंबय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मायसेटोमात पोखरलेली हाडं पुन्हा भरून येत असल्याचं नोंदवलं होतं. पाय कापण्याआधी हे आठवायला हवं.

२०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं आणि २०१८ मध्ये गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी, त्वचेवरच्या खुणांवरून असे आजार ओळखण्याची सचित्र पुस्तिका काढली. तिच्यातली कल्पना मला पटते : प्रत्येक आजारासाठी वेगळी माणसं नेमायची नाहीत, त्वचा बघणारी नजर एकच, तिला खुणा अधिक शिकवायच्या. सुदानमध्ये १९९१ साली सुरू झालेलं खार्टूमचं मायसेटोमा संशोधन केंद्र सेन्नार प्रांतातल्या गावांपर्यंत गेलं, ते लहान गाठी वेळेत काढता याव्यात म्हणून.

चेन्नईला तर हे सोपं जावं. तासा-दीड तासावर चेंगलपट्टूला कुष्ठरोगाची केंद्रीय प्रशिक्षण व संशोधन संस्था आहे. चट्टा शोधायला शिकवताना तिथे गाठीची दोन छायाचित्रं दाखवता येतील. आपल्या आशाताईंनाही कुष्ठरोग शोधमोहिमेत तीन प्रश्न पुरतील : गाठ किती दिवसांची, तिथे कधी काटा लागला होता का, पुवातून कण येतात का. एकाचंही उत्तर संशय वाढवणारं असेल, तर रुग्णाला थेट त्वचारोग विभागात पाठवावं. गाठ परस्पर चिरू देऊ नये.

पुढच्या आठवड्यात खरजेबद्दल. तीही २०१७ पासून दुर्लक्षित आजारांच्या याच यादीत आहे.