अर्ध्यावर सोडलेल्या शर्यती

मराठीत 'पळणे' या क्रियापदाची मोठी पंचाईत आहे. माणूस शर्यतीत पळतो, आणि रणांगणातूनही पळतो. 'पळपुटा' हा शब्द त्याच धातूचा. पण शर्यत जिंकून आलेल्या माणसाला तो कुणी लावीत नाही. 'धावणे' मात्र सदैव सज्जन. देव भक्ताच्या हाकेला धावतो, शेजारी अडचणीला धावतो. म्हणूनच वर्तमानपत्रांनी 'पळपटू' न म्हणता 'धावपटू' हा शब्द रूढ केला असावा. तथापि ज्या मंडळींविषयी मला लिहावयाचे आहे ती स्वतःविषयी बोलताना साधेपणाने 'आम्ही पळतो' एवढेच म्हणतात. आणि त्यांची सगळी बोलणी ऐकल्यावर वाटते, की या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यांनी पुरेपूर भोगलेले आहेत.

ही हौशी मंडळी. 'हौस' हा शब्द अरबीतला, फारशीच्या वाटेने आपल्याकडे आलेला; मुळात त्याचा अर्थ तीव्र इच्छा. इंग्रजीतल्या 'अमॅच्युअर' या शब्दाच्या मुळाशीही प्रीतीच आहे. ज्याला कुणी पैसे देत नाही, उलट जो बुटांना आणि प्रवेशशुल्काला पदरचे पैसे मोजतो, आणि तरी पहाटे साडेचारला उठतो, तो हौशी. घरच्यांच्या कोशात यासाठी दुसरा शब्द आहे. तो येथे देत नाही.

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोली आहे. वज्रेश्वरीला जाणारे भाविक येथल्या गरम पाण्याच्या कुंडांत हातपाय बुचकळून जातात. वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेताना चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि 1739 मधील विजयानंतर देवीचे देऊळ बांधविले, हा इतिहास वाचकांस ठाऊक आहेच. पुढे गणेशपुरी, तेथे नित्यानंदांची समाधी. अंबाडी नाक्यावरून निघावे, वज्रेश्वरी, गणेशपुरी करून परत अकलोलीला यावे, असा काही पळणाऱ्यांचा थंडीतल्या रविवारचा क्रम आहे. पहाटेची वेळ अशासाठी, की उजाडल्यावर रस्त्यावर मालट्रक सुरू होतात आणि मग धूळ खाण्यावाचून दुसरे काही उरत नाही. पळणे संपले की सारी मंडळी कुंडाच्या कट्ट्यावर बसतात. गंधकाचा वास, वाफ, पिशव्यांतून निघालेला खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की, थर्मासमधला चहा. ताज्या दुखापतीवर गरम पाणी घेऊ नये, आधी थंड घ्यावे, असे डॉक्टर सांगतात. ते सर्वांना पाठ आहे, आणि पाय सर्वांचेच गरम पाण्यात असतात.

मी पळत नाही. मी ऐकतो. मास्तरकीत बोलण्याची सवय फार, म्हणून ऐकण्याची ही संधी मी सोडीत नाही. आणि एक गोष्ट पहिल्या दोन-तीन रविवारीच ध्यानात आली. यशाच्या गोष्टी येथे कुणी सांगत नाही. कुणाला किती वेळ लागला हे एका वाक्यात आटोपते. नंतरचा तासभर कोण कुठे बसला, कुणाच्या पायात कुठे गोळा आला, कोण कुठल्या किलोमीटरला रडला, याचीच चर्चा. एका शहरातल्या शर्यतीत शेवटच्या टप्प्यात पाणीच संपले. तेव्हा एका पानवाल्याने आपल्या बादलीतले पाणी तांब्याने ओतले, ही हकीकत मी चारदा ऐकली. दरवेळी तांब्या थोडा मोठा होतो, एवढेच.

बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत हमखास दगा देणारी एक जागा आहे, तिला ही मंडळी 'भिंत' म्हणतात. शरीर आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा करून ठेवते. तो अदमासे तीस किलोमीटरपर्यंत पुरतो. मग चरबी जाळून चालवावे लागते, आणि चरबी ओल्या लाकडासारखी सावकाश जळते. पाय शिशाचे होतात, डोके भलत्याच दिशेने विचार करू लागते. त्यात आपल्या कोकणपट्टीची दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. घाबरून नुसतेच पाणी पीत सुटावे तर रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस भ्रमिष्ट होतो. लिंबू, मीठ, साखर हा आजीचा उपाय या बाबतीत शास्त्राला धरून आहे.

मंडळींत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई आहेत. वय एक्केचाळीस. सुरुवातीला त्या पहाटे निघाल्या की यजमान मागून मोटारसायकल घेऊन जात. एक कुत्र्यांसाठी, दुसरे माणसांसाठी. वर्षभराने यजमान कंटाळले, कुत्री ओळखीची झाली, आणि माणसे 'बाई, आज उशीर झाला?' असे विचारू लागली. मग गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कळ येऊ लागली आणि सात महिने पळणे बंद. दोष गुडघ्यात नव्हताच. कमरेखालचे स्नायू कच्चे, म्हणून गुडघ्यावर ओढ, असे निदान झाले. वर्गात मुले बेरजा करीत असताना बाई फळ्याजवळ एका पायावर उभ्या राहून व्यायाम करीत. मुलांना वाटले, बाईंनाच कुणी शिक्षा केली आहे! 'त्या सात महिन्यांत मी घरात फार वाईट वागले,' असे बाई सांगतात. यजमान आजही यावर काही बोलत नाहीत.

बायकांना हे अंतर झेपणार नाही, असे जगातले जाणते लोक अगदी कालपरवापर्यंत म्हणत होते. 1966 मध्ये बोस्टनच्या शर्यतीत बॉबी गिब हिला प्रवेश नाकारला, तेव्हा ती झुडपात लपून राहिली आणि शर्यत सुटल्यावर पुरुषांत मिसळून पळाली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू व्हायला 1984 उजाडले. आपल्याकडे 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत हिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 मध्ये रिओला अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. पण बाईंना या दोघींहून जवळची वाटते ती बारामतीची लता करे. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारीत, अनवाणी, ज्येष्ठांच्या शर्यतीत पळाली आणि जिंकली. पुढे तिच्यावर चित्रपट निघाला, त्यात तिनेच काम केले. हौशी कुणाला म्हणावे आणि गरजू कुणाला, हा प्रश्न तिच्यापुढे गैरलागू ठरतो.

एका रविवारी मी या मंडळींना अँटवर्पची गोष्ट सांगितली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे पहिले अध्यक्ष दोराबजी टाटा. जिमखान्याच्या शर्यतींत त्यांनी पाहिले, की अनवाणी पळणाऱ्या, शेतात राबणाऱ्या पोरांना नियमांचा गंध नाही, शिस्तशीर तालीम नाही; पण काहींची वेळ युरोपातल्या पळणाऱ्यांच्या जवळपास जाते. त्यातून 1920 च्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटासा संघ निघाला. मॅरेथॉनसाठी त्यात दोघे होते : बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. 22 ऑगस्टला थंडी आणि पाऊस. अंतर नेहमीपेक्षाही जास्त, पाऊण किलोमीटर कमी त्रेचाळीस नव्हे, पुरते पावणेत्रेचाळीस. फिनलंडचा कोलेमाइनेन 2 तास 32 मिनिटांत पहिला आला. चौगुले 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावे आले. ज्यांनी असली हवा जन्मात पाहिली नव्हती अशा माणसाने केलेला हा पराक्रम आहे, आणि आपल्या शालेय पुस्तकांत त्याला दोन ओळीही मिळू नयेत याचे मला वैषम्य वाटते.

'आणि दातार?' बाईंनी विचारले.

दातारांनी शर्यत पुरी केली नाही. निकालाच्या यादीत त्यांच्या नावापुढे वेळ नाही. त्या पावसात कुठल्या वळणावर त्यांचे पाय थांबले आणि त्यांना काय वाटले, ते कागदावर सापडत नाही.

परंतु त्याच शर्यतीत चौगुल्यांच्या पुढे सुमारे दोन मिनिटे, सोळावा, असा एक जपानी गृहस्थ होता. त्याचे नाव शिझो कानाकुरी. आठ वर्षांपूर्वी, 1912 मध्ये, तो स्टॉकहोमच्या ऑलिंपिकला गेला होता. बोट आणि सैबेरियातली आगगाडी असा लांबलचक प्रवास. शर्यतीच्या दिवशी उन्हाचा असा कहर, की पोर्तुगालचा लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. कानाकुरीला वाटेत घेरी येऊ लागली. रस्त्यालगतच्या एका बागेत काही माणसे बसली होती. त्यांनी त्याला आत घेतले, प्यायला दिले. मग शरमेने तो कुणालाही न सांगता निघून गेला आणि मायदेशी परतला. स्वीडनमध्ये तो बेपत्ता म्हणून राहिला. तो पुढे आणखी दोन ऑलिंपिक पळाला, जपानात दूर पल्ल्याच्या पळण्याचा पाया त्याने घातला. पण स्टॉकहोमची शर्यत राहिली ती राहिलीच. अखेर 1967 मध्ये स्वीडिश लोकांनी त्याला बोलावून घेतले आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या म्हाताऱ्याने मैदानात येऊन अंतिम रेषा ओलांडली. वेळ जाहीर झाली : 54 वर्षे, 8 महिने, 6 दिवस, 5 तास, 32 मिनिटे आणि वर 20.3 सेकंद. वाटेत माझे लग्न झाले, सहा मुले झाली, दहा नातवंडे झाली, असे तो म्हणाला.

सगळे हसले. मुनीमजी हसले नाहीत.

मुनीमजी भिवंडीच्या एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहितात. पन्नाशीच्या अलीकडचे. रक्तात साखर निघाली म्हणून चालू लागले, चालता चालता पळू लागले. दोन वर्षे तयारी करून त्यांनी मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये पुऱ्या बेचाळीसचे नाव घातले. ती हकीकत त्यांनी आजवर 'झाली कशीबशी' एवढ्यावर ठेवली होती. त्या दिवशी कुंडातल्या पाण्याकडे पाहत त्यांनी उरलेली सांगितली. मुंबईच्या वाटेवर पेडर रोडचा चढ परतताना पुन्हा लागतो, तोही पस्तिशी ओलांडल्यावर, ऊन चढलेले असताना. तेथे दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. मुनीमजी कठड्याशी बसले ते उठलेच नाहीत. मागून आलेल्या गाडीत त्यांना बसविले. तेवढ्यात घरून फोन आला. मुनीमजींच्या तोंडून एकच शब्द निघाला, 'झालं.'

या शब्दावर मी वर्गात एक तास बोलू शकेन. 'झालं' म्हणजे पार पडलं, आणि 'झालं' म्हणजे संपलं, बुडालं. मुनीमजींना दुसरा अर्थ म्हणायचा होता. घरच्यांनी पहिला घेतला. ते घरी पोहोचले तेव्हा दारात रांगोळी होती आणि शेजाऱ्यांना पेढे वाटून झाले होते. मुलीने पदक मागितले. 'टपालाने येणार आहे,' असे सांगून मुनीमजी आंघोळीला गेले.

'पावणेदोन वर्षं झाली,' मुनीमजी म्हणाले. 'टपालवाला दिसला की अजून पोटात गोळा येतो. पोटरीतला परवडला.'

कट्ट्यावर कुणी उपदेश केला नाही. बाईंनी चहा ओतून त्यांच्यापुढे केला. मग आमच्यातले काका, बँकेतून निवृत्त झालेले, आपल्या तीन सोडलेल्या शर्यतींचा हिशेब सांगू लागले. त्यातल्या दोन आम्हांला ठाऊक नव्हत्या!

काकांना यंदा वेगळेच वेड लागले आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांच्या दरम्यान 'कॉम्रेड्स' नावाची शर्यत होते, अदमासे नव्वद किलोमीटरची. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅफम या माजी सैनिकाने ती 1921 मध्ये सुरू केली. पहिल्या वर्षी चौतीस जण सुटले, सोळा पोहोचले. मर्यादा बारा तासांची. बारा तास पुरे होताना एक अधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक झाडतो. एका पावलाने चुकला त्यालाही पदक नाही. पाठ अशासाठी, की ओळखीचा चेहरा दिसून हात थांबू नये. अलीकडे आपल्याकडची शेकडो माणसे तेथे जातात. प्रवेशासाठी आधी पुरी मॅरेथॉन चार तास पन्नास मिनिटांच्या आत काढावी लागते, आणि काकांची आजवरची उत्तम वेळ आहे पाच तास दहा मिनिटे. वय एकसष्ट. काकूंनी विमानाच्या तिकिटाचे पैसे तूर्त आपल्या नावावर ठेवले आहेत.

मुनीमजींनी पुढच्याच आठवड्यात घरी सांगून टाकले. दोन रविवार ते आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले तेव्हा चेहरा निराळाच. मुलीला सगळे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. शर्यतीत छातीवर क्रमांकाचा जो कागद लावतात त्यात एक इवलीशी पट्टी असते, ती वाटेत ठिकठिकाणी वेळ नोंदविते, आणि तो तपशील कुणालाही संगणकावर पाहता येतो. बाबांची नोंद कुठे थांबली ते तिने त्याच संध्याकाळी पाहिले होते. आईला सांगितले नाही, बाबांनाही नाही. टपालाची चौकशी मात्र तिने पुन्हा कधी केली नाही, हे मुनीमजींच्या आता ध्यानात आले.

येत्या जानेवारीसाठी त्यांनी पुन्हा नाव घातले आहे. साखर आटोक्यात आहे, रविवारचे अंतर अठ्ठावीसपर्यंत गेले आहे, पोटऱ्यांसाठी बाईंनी आपले एका पायावरचे व्यायाम शिकविले आहेत, आणि पेढीवर मालक नसताना ते गल्ल्यामागे उभे राहून ते करतात. मुलगी यंदा अंतिम रेषेपाशी जाणार नाही. ती पेडर रोडच्या चढावर, कठड्याशी उभी राहणार आहे, लिंबाच्या फोडी आणि मिठाची पुडी घेऊन.