घरांतील संगीत : तारेवाटें कीं वाऱ्यावाटें ?

आमचे थोरले बंधू अण्णा आज ७८ वर्षांचे आहेत. पहांटे स्नानसंध्या आटोपली कीं देवघराशेजारच्या खोलींत बसून तासभर शास्त्रोक्त गाणें ऐकावयाचें, हा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ. गतवर्षीं पुतण्यानें त्यांच्यासाठीं स्ट्रीमर आणला व वायफायला जोडून दिला. पुढें दोन महिन्यांतच अण्णांनीं गाणें सोडलें. विचारल्यास "आतां नको" एवढेंच म्हणत. फार आग्रह केल्यावर कळलें तें असें, कीं ऐन आलापींत स्वर मध्येंच नाहींसा होई आणि आपले कान गेले अशी त्यांची खात्री झाली होती !

तेव्हां मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसलों. गाणें खरोखरच तुटत होतें. मलाहि तें ऐकूं येईना. तीन दिवसांच्या नोंदी स्वयंपाकघरांतील वेळांशीं ताडून पाहिल्या, तों उलगडा झाला. सूनबाई मुलांचें दूध मायक्रोवेव्हमध्यें ऊन करीत, नेमकें त्याच वेळीं गाणें थांबे. ती भट्टी सुमारें २.४५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींनीं पदार्थ तापविते. आमचा वायफायहि २.४ गिगाहर्ट्‌झच्याच पट्ट्यांत बोलत होता. भट्टींतून निसटणारा अल्प अंश वायफायच्या क्षीण संदेशास गोंधळविण्यास पुरेसा होतो. शिवाय मध्यें दोन जाड भिंती. त्यांतून एका वाहिनीवर एक यंत्र बोलत असतां इतरांस थांबावें लागतें. चाळीस मुलांच्या वर्गांत काय होतें, हें मजसारख्या मास्तरास कोणी सांगावयास नको. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भट्टीच्या त्रासांतून सुटतो खरा, पण त्याच्या लहरी भिंतींत लवकर थकतात.

तारेचा मार्ग सरळ. लॅन केबलमध्यें आठ तारा असून त्यांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. बाहेरचा उपद्रव जोडींतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि यंत्र त्या दोहोंतील फरकच वाचतें. त्यामुळें उपद्रव वजा होऊन जातो. पिळाचें प्रयोजन हें. अशी केबल १०० मीटरपर्यंत नेतां येते. सीडीच्या प्रतीच्या संगीतास सेकंदाला सुमारें १४ लक्ष बिट लागतात. १०० मेगाबिटचें साधें पोर्टहि १० कोटी वाहतें.

आम्हीं 'कॅट ६' जातीची केबल आणली व विजेच्या तारांपासून वीतभर दूर ठेविली. देवघराच्या भिंतीस भोंक पाडूं देण्यास वहिनींनीं साफ नकार दिला, म्हणून माजघरावरून वळसा घ्यावा लागला. केबल दुप्पट लागली, इतकेंच. नंतर स्ट्रीमरमधील वायफाय बंद केला. स्वर गोड करण्याची ग्वाही देणाऱ्या भारी किमतीच्या केबलीहि बाजारांत मिळतात. त्यांस भुलूं नये. वायफायनें पूर्ण पोंचलेले अंक आणि तारेनें पोंचलेले अंक एकच. तारेनें आम्हांस लाभली ती अखंडता.

दुसऱ्या दिवशीं पहांटे सूनबाईंनीं मुद्दाम दोनदा दूध तापविलें. अण्णा डोळे मिटून मान डोलवीत होते. तास संपल्यावर ते मला म्हणाले, "उद्यां आवाज थोडा वाढव रे."