विश्लेषण : हुकूमशहा, तोही फक्त सहा महिन्यांसाठी! रोमची ही व्यवस्था कशी मोडली?

‘डिक्टेटर’ हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. प्राचीन रोममध्ये मात्र ते कायद्याने दिले जाणारे, मुदतीचे पद होते. सुमारे तीनशे वर्षे ते चालले. पुढे त्याच पदाच्या आडून प्रजासत्ताक मोडीत निघाले. मधल्या काळात नेमके काय बदलले?

या पदाची गरज का भासली?

राजाला हाकलून दिल्यावर सत्ता पुन्हा एका हाती जाऊ द्यायची नाही, असे रोमनांनी ठरवले. दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात आणि एकाचा निर्णय दुसरा रोखू शकत असे. पण शत्रू वेशीवर आला आणि दोघांचे पटले नाही तर? अशा वेळी सिनेटच्या सल्ल्याने कॉन्सल एकाला डिक्टेटर नेमत.

मर्यादा कोणत्या होत्या?

मुदत जास्तीत जास्त सहा महिने. नेमणूक ठरावीक कामापुरती; काम झाले की पद सोडायचे. इ.स.पू. ३६३ मध्ये तर साथ हटावी म्हणून ज्युपिटरच्या मंदिरात खिळा ठोकण्याच्या विधीसाठी डिक्टेटर नेमला गेला. इ.स.पू. ४५८ मध्ये सिनसिनॅटसला थेट शेतातून बोलावले. युद्ध जिंकून सोळाव्या दिवशी त्याने पद सोडले, असे इतिहासकार लिव्ही सांगतो.

मग बिघडले कुठे?

नियमांआधी सैन्य बदलले. पूर्वीचा सैनिक शेतकरी होता. मोहीम संपली की घरी जाई. पुढे भूमिहीनांची भरती वाढली. निवृत्तीनंतर जमीन मिळावी म्हणून ते सिनेटऐवजी सेनापतीकडे पाहू लागले. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्लाने असे सैन्य खुद्द रोमवर चालवून नेले. इ.स.पू. ८२ मध्ये तो डिक्टेटर झाला, तेव्हा मुदतच नव्हती. विरोधकांच्या नावांच्या याद्या लागल्या. त्यांना मारणाऱ्यास बक्षीस होते. या अधिकारांना रीतसर कायद्याचा आधार होता.

सीझरने कोणता धडा घेतला?

सुल्लाने पुढे आपणहून पद सोडले. तो त्याचा अडाणीपणा होता, असे ज्युलियस सीझर म्हणत असे, अशी नोंद सुएटोनियसने केली आहे. सीझर पहिल्यांदा डिक्टेटर झाला तो ११ दिवसांसाठी. इ.स.पू. ४६ मध्ये ही मुदत १० वर्षे झाली आणि ४४ मध्ये तहहयात. त्याच वर्षी १५ मार्चला त्याची हत्या झाली.

पद रद्द करून प्रश्न सुटला?

हत्येनंतर मार्क अँटनीने कायदा करून हे पदच रद्द केले. इ.स.पू. २२ मध्ये अन्नटंचाईने त्रासलेल्या लोकांनी ऑगस्टसला डिक्टेटर होण्याची गळ घातली. त्याने नकार दिला. त्याला गरजही नव्हती. सैन्य, महत्त्वाचे प्रांत आणि नकाराधिकार वेगवेगळ्या नावांनी त्याच्याकडे आधीच आले होते. सिनेट भरत राहिली, कॉन्सलही निवडले जात राहिले. अंतिम शब्द मात्र एकाचाच होता.

सहा महिन्यांची अट लिहिली होती म्हणून पाळली जात नव्हती. मुदत संपल्यावर पायउतार व्हायला भाग पाडू शकणारे कोणीतरी होते, तोवरच ती पाळली गेली.