मिर्यामसाठी थांबलेली छावणी

अंगावर कुष्ठरोगाचा फिकट, बधिर चट्टा दिसला की पूर्वी वऱ्हाडात औषधाआधी पापाचा शोध सुरू व्हायचा. या जन्मीचे सापडले नाही तर मागच्या जन्मीचे. एकदा देवाचा कोप ठरला की रोग्याला गावाबाहेर काढायला घरच्यांनाही मोकळीक. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे अमरावतीचे दाजीसाहेब, यांनी 1946 मध्ये तपोवन उभारले ते अशा हाकललेल्या माणसांसाठी. परतवाड्याजवळ कोठारा येथे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी त्याआधीच हे काम सुरू केले होते. त्यांच्या हातातल्या बायबलच्या हिब्रू भागातही हा कोप आहे, आणि तो सौम्य करून सांगू नये.

‘गणना’च्या 12व्या अध्यायात मिर्याम आपल्या भावाविरुद्ध, मोशेविरुद्ध बोलते. परमेश्वर संतापतो आणि तिची कातडी बर्फासारखी पांढरी पडते. अहरोनही बोलला होता. शिक्षा मात्र तिलाच. हे मला अजून खुपते. पण पुढे वाचावे. ज्याची निंदा झाली तो मोशेच तिच्यासाठी धाय मोकलून मागणे मागतो, मूळ हिब्रूत अवघ्या पाच शब्दांचे. ती सात दिवस छावणीबाहेर राहते, आणि ती परत येईपर्यंत सगळे लोक मुक्काम हलवत नाहीत. (‘लेवीय’मध्ये हा विकार कपड्यांना आणि घराच्या भिंतींनाही होतो; त्यामुळे हॅन्सनने 1873 मध्ये ज्याचा जंतू शोधला तो कुष्ठरोग हा नसावा. बऱ्या झालेल्याला परत घेण्याचा विधीही तिथेच आहे.)

कोप कायमचा का नाही, याचे कारण 103वे स्तोत्र देते: माणूस मातीचा आहे, हे देवाला आठवते. माणसाच्या कच्चेपणावरच तिथे दया उभी आहे.

त्याच ग्रंथातली ईयोबाची गोष्ट याहून धीट. तळपायापासून टाळूपर्यंत गळवे उठलेला तो निर्दोष माणूस राखेत बसतो. अलीफज, बिल्दद, सोफर हे मित्र सात दिवस त्याच्याजवळ नुसते बसून राहतात. त्यांनी केलेले तेवढेच चांगले. मग तोंड उघडून ते त्याच्या पदरी पाप बांधू लागतात. ईयोब देवाशी भांडतो, जाब मागतो. शेवटी देवाचा राग पेटतो तो या मित्रांवर, आणि ईयोबाने प्रार्थना केली तरच त्यांना माफी.

पाप बांधणारे असे मित्र आपल्याकडे औषध आल्यावरही उरले. जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचाराची शिफारस केली 1981 मध्ये. तरीही कुष्ठरोग हा घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही विवाह कायद्यांत 2019 पर्यंत होता.