फोटो रोलवरचा चांगला की मोबाइलमधला?

मैत्रिणींनो, लग्नसराईत जुने अल्बम बाहेर निघाले की हा वाद रंगतोच. "आमच्या वेळचे रोलवरचे फोटो बघा, किती जिवंत वाटतात!" असं सासूबाई म्हणतात. सूनबाई मोबाइल पुढे करते, "आई, यात पन्नास मेगापिक्सेल आहेत!" खरं कोणाचं? थोडं थोडं दोघींचंही.

रोलचा मोठा गुण म्हणजे तो जास्तीचा उजेड सांभाळून घेतो. भर उन्हात मांडवाबाहेर काढलेल्या फोटोत नवरदेवाच्या पांढऱ्या उपरण्याच्या घड्याही निगेटिव्हमध्ये शाबूत राहतात. डिजिटलमध्ये उजेड फार झाला की ती जागा कोरी पांढरी होते, मागाहून काही करता येत नाही. अंधारात मात्र डिजिटल सरस. कमी उजेडात रोलवरचा फोटो रवाळ यायचा. आजचा मोबाइल एका दमात अनेक फोटो घेऊन ते एकत्र जोडतो, म्हणून रात्रीच्या जागरण-गोंधळाचा फोटोही स्वच्छ येतो.

राहिले मेगापिक्सेल. अल्बममधल्या 4 बाय 6 इंची फोटोला दोन मेगापिक्सेल पुरतात. 12 बाय 18 इंची फ्रेमसाठी सुमारे 19 लागतात. कोडॅक कंपनीत 1975 साली स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात एका मेगापिक्सेलचा जेमतेम शंभरावा भाग होता. तिथून आपण कुठे आलो बघा! तेव्हा नुसत्या आकड्याला भुलायचं कारण नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा, रंगाचा. परदेशी कंपन्यांच्या रंगीत फिल्मचे रंग कित्येक वर्षं गोऱ्या बाईच्या नमुना-फोटोवरून जुळवले जात. त्या फोटोला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यामुळे सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे हरवायचे. आज काही मोबाइल 'ब्यूटी'च्या नावाखाली न विचारताच मुलीला गोरी करतात, गालावरचा तीळही पुसतात. हा फोटो स्थळाला जातो आणि बघण्याच्या कार्यक्रमात "फोटोत तर गोरी दिसत होती" हे त्या मुलीला ऐकून घ्यावं लागतं. चूक मोबाइलची, मान खाली मुलीची! माझ्या मते जो चेहरा आहे तसा दाखवतो, तोच उत्तम फोटो.

आणि तो टिकलाही पाहिजे. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या बारीक कणांची असते, म्हणून आजीचा फोटो अजून स्पष्ट आहे. रंगीत फोटोत रंगद्रव्यं असतात, ती विटतात. आपल्या लग्नाचे अल्बम लालसर पडलेत ते त्यामुळेच. फिल्म म्हणजे अमरपट्टा नव्हे. पुण्यात जानेवारी 2003 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या, त्यात 'प्रभात'चा ठेवाही होता.

डिजिटलचा धोका वेगळा. आमच्या नगर जिल्ह्यातल्या एका बचत गटातल्या ताईंची आई वारली. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. मोबाइल बिघडलेला, हाती फक्त व्हॉट्सअॅपवर आलेला एक ग्रुप फोटो. स्टुडिओवाल्या दादांनी तो मोठा केला, तर चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन! व्हॉट्सअॅपवर फोटो साधा पाठवला की तो लहान होऊन जातो, हे त्या माउलीला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून एवढं करा. महत्त्वाचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो मूळ आकारात जातो. घरातल्या वडीलधाऱ्यांचा एकेकटा, चांगल्या उजेडातला फोटो आत्ताच काढा. 'ब्यूटी' बंद ठेवा. निवडक फोटो पेनड्राइव्हवर घ्या आणि वर्षातून दहा-बारा तरी छापून घ्या. दिवाळीच्या साफसफाईत निगेटिव्हची पाकिटं सापडली तर रद्दीत घालू नका. जवळच्या स्टुडिओत स्कॅन करून मिळतात का, एकदा विचारून तर बघा!